जुन्या फोर-बाय-फोरच्या खालून आवाज येतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिंद्राची जुनी जीप, बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, मारुतीची जिप्सी, लष्करी लिलावातून आलेली जोंगा. मुंबईत या गाड्या जीव लावून सांभाळणारे बरेच आहेत आणि प्रत्येकाला कधी ना कधी एकच प्रश्न पडतो: खालून हा आवाज कसला? इंजिनाबद्दल सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी), दोन शाफ्ट, दोन डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधली, ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) आणि चार हब (चाकांचे मध्य) यांच्यात आवाज शोधायचा म्हटले की मात्र अंदाजपंचे पार्ट बदलायला सुरुवात होते. तसे होऊ नये म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

आवाज कसा आहे ते सांगितले तर पार्ट ओळखता येतो का?

क्वचितच. "घरघर" म्हटले तर ती चाकाच्या बेअरिंगची असेल, डिफरन्शियलमधल्या पिनियन बेअरिंगची असेल, झिजलेल्या टायरची असेल. शिवाय चॅसिसच्या लोखंडातून आवाज लांबवर जातो. मागच्या डिफरन्शियलची गुणगुण ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येते आणि पुढच्या हबची घरघर मागच्या सीटवरच्या माणसाला आपल्याखाली वाटते. कानावर भिस्त ठेवून जागा ठरवू नका. आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, हे पाहा. पार्ट तिथे सापडतो.

मग नेमके काय टिपून ठेवायचे?

पहिली गोष्ट, आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? साठच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये ऐका, मग त्याच वेगाला तिसऱ्यात ऐका. इंजिन जोरात फिरू लागले पण आवाज होता तसाच राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या पलीकडचा आहे: ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफरन्शियल, हब किंवा टायर. आवाजाचा सूर इंजिनाबरोबर वर चढला, तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सकडे वळा.

दुसरी गोष्ट भाराची. ॲक्सिलरेटर दाबून, ॲक्सिलरेटर सोडून, आणि वेग जेमतेम टिकेल इतपतच पाय ठेवून, अशा तीन स्थितींत ऐका. गिअरच्या दातांचा आवाज या तिन्हींत वेगवेगळा येतो. बेअरिंगचा आणि टायरचा फारसा बदलत नाही.

तिसरी, वळण. रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या चाकांवर येते. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूच्या हबवर संशय घ्या, उलट झाले तर डाव्या.

चौथी, गाडी तापल्यावर काय होते? सकाळी थंड असताना गप्प आणि तासाभराने बोलू लागली, तर तेल पातळ झाल्यावर किंवा बेअरिंग फुगल्यावर उघडा पडणारा दोष असतो.

हे कागदावर लिहा. लिहिताना कळते की आपण किती गोष्टी पाहिल्याच नव्हत्या.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ही परीक्षा घ्यायची कुठे?

पहाटे. ईस्टर्न फ्रीवेवर पहाटे एकसारखा वेग ठेवता येतो आणि आणिक-पांजरपोळच्या बोगद्यात काचा खाली केल्या की भिंतीवर आपटून परत येणारा आवाज डावा-उजवा फरक छान दाखवतो. फ्रीवेवर थांबू मात्र नका. भाराखालचा आवाज ऐकायला चढ हवा. ठाण्याकडच्या लोकांना घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ-उतार सोयीचा आहे. कसारा घाटात गेलात तर उत्तमच. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, गिअरमध्येच ठेवा. सोडलेल्या ॲक्सिलरेटरची परीक्षा तशीच होते.

सोबत एक माणूस न्या. ऐकायचे काम त्याचे, चालवायचे तुमचे.

टायरचा आवाज नाही हे कसे कळणार?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. जाड नक्षीच्या मड टायरना पायऱ्या पडल्या की ते हुबेहूब खराब बेअरिंगसारखे घरघरतात. मुंबईत याची परीक्षा फुकटात होते: सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर उतरा. आवाजाचा पोत लगेच बदलला तर टायर. बेअरिंगला खाली सिमेंट आहे की डांबर, याने काही फरक पडत नाही. खात्री नसेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहा. आवाजाची जागा बदलली की उत्तर मिळाले. तळहात टायरवरून आडवा दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागत असेल तर अलाइनमेंट बिघडल्याने टायर झिजला आहे.

चाकाचे बेअरिंग घरी तपासता येते का?

येते. बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, चाक उचला, गाडी जॅकवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवा. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर पुढच्या चाकाला किंगपिन (स्टिअरिंग तोडताना चाक जिच्यावर वळते ती पिन) पाहा. मग चाक हाताने फिरवताना दुसऱ्या हाताची बोटे कमानपाट्यावर टेकवा. कानाला न कळणारी खरखर बोटांना कळते.

लांबच्या फेरीनंतर हबांचे तापमान मोजणे हा आणखी एक चांगला मार्ग. त्यासाठी कारखान्यात वापरतात तसले इन्फ्रारेड थर्मामीटर लागते. कोव्हिडच्या काळात सोसायटीच्या गेटवर कपाळ मोजायला आणलेले इथे चालत नाही, ते शरीराच्या तापमानापुरतेच बनवलेले असते. तीन हब सारखे आणि चौथा खूप गरम असेल तर तो उघडा. ब्रेक चिकटत नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्या.

ॲक्सिलरेटर दाबला की गुणगुण, सोडला की गप्प. कशाचा आवाज?

बहुधा डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचा (शाफ्टच्या टोकाचा लहान गिअर म्हणजे पिनियन, तो फिरवतो ते मोठे चक्र म्हणजे क्राउन). गाडी ओढताना दातांची एक बाजू काम करते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरी. म्हणून ओढतानाच आवाज आला तर ओढणाऱ्या बाजूची झीज किंवा चुकलेली सेटिंग, सोडल्यावरच आला तर दुसऱ्या बाजूची. दोन्हीकडे सारखाच येत असेल आणि जाडसर गुरगुर असेल तर पिनियन बेअरिंग आधी पाहावे. पिनियन शाफ्टच्या वेगाने फिरतो, क्राउनच्या दोन बाजूंची बेअरिंगे चाकाच्या वेगाने. त्यामुळे पिनियन बेअरिंगचा सूर वरचा आणि बाजूच्या बेअरिंगांचा खालचा असतो.

क्राउन-पिनियनच्या सेटिंगबद्दल माझे मत ठाम आहे: ज्याच्याकडे डायल गेज (बारीक अंतर मोजायचे घड्याळ) नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायची असते. दात एकमेकांवर कुठे टेकतात तो पॅटर्न पाहण्यासाठी दातांना रंग लावून फिरवायचे असते. "हाताला बरोबर लागतंय" म्हणून बसवलेला सेट महिन्याभरात ओरडू लागतो आणि एकदा दातांनी चुकीची वाट धरली की नंतरची अचूक सेटिंगही तो आवाज घालवू शकत नाही.

क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना खालून "ठक्क" होते. क्रॉस बदलू का?

आधी तपासा. शाफ्टच्या क्रॉसची (टोकाच्या फिरत्या सांध्याची) दोन्ही अंगे हातात धरून एकमेकांच्या उलट पिळा. क्रॉसमध्ये प्ले मुळीच चालत नाही. टोप्यांच्या कडेला गंजाची लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. क्रॉस ठीक असेल तर शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनला (लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या खाचांच्या जोडाला) ग्रीस आहे का पाहा. कोरडी स्प्लाइन गाडी थांबल्यानंतर एक क्षण उशिराने ठक्क करते. तेही नसेल तर कमानपाट्याच्या यू-बोल्टांचे नट, शॅकलचे (कमानपाटा चॅसिसला टांगणाऱ्या कडीचे) बुश, गिअरबॉक्सचे रबर माउंटिंग. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या रबरांवर बसलेली असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ती रबरे फाटली की असा ठोका येतो आणि लोक विनाकारण डिफरन्शियल उघडतात.

थोडा ठोका जुन्या गाडीत राहतोच. क्राउन-पिनियन, स्पायडर गिअर (डिफरन्शियलमधले छोटे गिअर), स्प्लाइन, ॲक्सल यांच्या मोकळ्या जागा एकत्र येऊन तो होतो. तो वाढतोय का, यावर लक्ष ठेवा.

हळू चालवताना चूं-चूं, वेग वाढला की ऐकू येत नाही. दुर्लक्ष करू?

नाही. ही कोरड्या क्रॉसची खूण आहे. वेग वाढल्यावर तो आवाज इतर आवाजांत बुडतो इतकेच. पाऊस पडला किंवा गाडी धुतली की तो तासभर गप्प बसतो आणि माणसाला वाटते गेला. ग्रीस भरायचे निपल असेल तर क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरा. एखाद्या टोपीतून आलेच नाही तर तो क्रॉस बदला. समुद्राच्या हवेत आणि साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीला पावसाळ्यात दर महिन्याला ग्रीस गन लागली पाहिजे, गाडी चालो वा न चालो.

शॅकल बदलून गाडी उंच केली आणि सत्तरला थरथर सुरू झाली. का?

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन जितका मोठा तितका हा फरक मोठा. दुसऱ्या टोकाचा क्रॉस उलट फरक करून तो मिटवतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत: ट्रान्सफर केसचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) आणि पिनियनचा फ्लँज समांतर हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. गाडी उंच केली की पहिली अट मोडते. ॲक्सल आणि कमानपाट्याच्या मध्ये कोनाची पाचर टाकून पिनियन फिरवून घेता येतो. मोबाइलमधले कोन मोजायचे ॲप दोन्ही फ्लँजवर टेकवून आधी आणि नंतरचे आकडे लिहून ठेवा.

दुसरी अट गॅरेजमध्ये मोडते. शाफ्ट दोन भागांत सुटला आणि बसवताना स्प्लाइन फिरलेली राहिली की थरथर आलीच. सोडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ ओढायला सांगा.

फक्त वळतानाच आवाज येतो.

पूर्ण स्टिअरिंग तोडल्यावर पुढून कट्-कट् येत असेल आणि फ्रीव्हील हब (पुढच्या ॲक्सलपासून चाक मोकळे सोडता किंवा जोडता येणारे हब) लॉक असतील, तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. मागून येत असेल तर डिफरन्शियलमधले स्पायडर गिअर: सरळ जाताना ते आपल्या पिनेवर फिरतच नाहीत, वळतानाच फिरतात.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोघांपैकी कोण बोलतंय हे कसे ओळखायचे?

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला. आवाज येतोय आणि क्लच दाबल्यावर बंद होतो: गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग किंवा खालचा काउंटर शाफ्ट. उलट, क्लच दाबल्यावरच सुरू होतो: क्लचचे रिलीज बेअरिंग.

चालताना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये कण्हते आणि चौथ्यात शांत होते, अशी तक्रार जुन्या जीपवाल्यांकडून नेहमी येते. चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथा थेट असतो. ताकद काउंटर शाफ्टमधून जात नाही, तो नुसता फिरत राहतो. म्हणजे दोष त्या शाफ्टवर किंवा त्याच्या बेअरिंगांत आहे.

आता ट्रान्सफर केसची युक्ती, आणि ती फार थोडे लोक वापरतात. सपाट जागा पाहा, चारही चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाका. आता गाडी उभी असताना गिअरबॉक्समध्ये एकेक गिअर टाकून क्लच सोडता येतो. सगळा गिअरबॉक्स फिरतो, शाफ्ट आणि ॲक्सल स्थिर राहतात. आवाज इथेच आला तर डिफरन्शियल, शाफ्ट आणि चाके यादीतून बाद. नाही आला तर गिअरबॉक्स निर्दोष ठरवायची घाई नको, कारण भार नव्हता. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअर टाकून गाडी अडकत नाही, हे विसरू नका. ठोकळ्यांशिवाय हे करू नका.

जुन्या जीपची ट्रान्सफर केस पूर्ण गिअरांची असते आणि थोडी कण्हणे तिचा स्वभाव आहे. बटणाने फोर-व्हील लागणाऱ्या नंतरच्या गाड्यांत आत बहुधा साखळी असते. ती सैल झाली की जोर देताना केसच्या आत फटके ऐकू येतात.

फोर-व्हील लावली की गाडी अडखळते, कडकडते. ट्रान्सफर केस गेली का?

डांबरी रस्त्यावर लावली होती का? पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दातांमध्ये साठतो आणि कडकड करून सुटतो. लिव्हर अडकून बसला तर जोर लावू नका. थोडे रिव्हर्स घ्या, पीळ उतरतो, लिव्हर सुटतो.

मातीवरही तेच होत असेल तर प्रकरण वेगळे आहे. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे आहेत का, हे आधी पाहा. मग रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे होतात तो आकडा. असेम्बल केलेल्या जीपांमध्ये पुढचा ॲक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा असणे मुळीच दुर्मीळ नाही. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल तर ती गाडी टू-व्हीलमध्ये वर्षानुवर्षे नीट चालेल आणि फोर-व्हीलमध्ये पहिल्याच दिवशी स्वतःला मोडू लागेल.

मोजायला सोपे आहे. ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये, फ्रीव्हील हब असतील तर लॉक. ज्या ॲक्सलचे मोजायचे त्याचे एकच चाक उचला, बाकी तिन्हींना ठोकळे, शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण. मागचे मोजताना गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक मोकळा लागतो, म्हणून ठोकळे पक्के हवेत. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. दोन फेरे अशासाठी की दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असल्याने डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवते. पुढचे आणि मागचे आकडे जुळायलाच हवेत. जुनी जीप विकत घेण्याआधी ही मोजणी करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. रंग आणि सीट नंतर पाहा.

फ्रीव्हील हब असतील तर आणखी एक सोपी परीक्षा: टू-व्हीलमध्ये हब मोकळे सोडून चालवा, मग लॉक करून चालवा. लॉक केल्यावरच आवाज आला तर तो पुढच्या ॲक्सलचा किंवा पुढच्या शाफ्टचा.

पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी नेली, आठवड्याभराने आवाज सुरू झाला. संबंध आहे?

थेट आहे. चालून तापलेला डिफरन्शियल हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या भोकातून) पाणी आत खेचले जाते. बाहेरून काही दिसत नाही. आत तेल चहासारखे दुधाळ होते, बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढच्या काही दिवसांत घरघर सुरू होते. पाण्यात हब बुडाले असतील तर त्याच आठवड्यात दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स यांचे तेल तपासा. रंग बदललेला दिसला की काढून टाका. हबचे बेअरिंग उघडून नव्या ग्रीसने भरा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्याआधीची मुंबईतली गाडी घेत असाल तर तिचे डिफरन्शियल एकदा उघडून पाहिलेले बरे.

ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या उंचीपर्यंत वर न्या. खर्च नगण्य आहे. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलटा त्रास होतो: आत दाब वाढून सीलमधून तेल गळते, तेल कमी झाले की दात ओरडतात आणि लोक नुसते सील बदलत राहतात.

तेल काढल्यावर त्यात काय पाहायचे?

ड्रेन प्लगच्या चुंबकावरची राखाडी मऊ पेस्ट साहजिक आहे. चकचकीत पापुद्रे, सुया किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गाडी चालवणे थांबवा. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक म्हणजे पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) झिजतेय. पितळी रिंगांच्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचे तेल वापरावे. हायपॉइड (क्राउनच्या मध्यापेक्षा वर-खाली बसवलेल्या पिनियनच्या) डिफरन्शियलला जीएल-५ लागते. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतण्याची सवय सोडा. काही जुन्या जीपांत गिअरबॉक्सचे तेल मधल्या बेअरिंगमधून ट्रान्सफर केसमध्ये झिरपते, म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी पाहावी.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून काही कळेल का?

बरेच कळते, थोडे गणित केले तर. आवाजाची वारंवारता दाखवणारी ॲप फुकट मिळतात. जुन्या जीपचे उदाहरण घेऊ: टायरचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर, रेशो ५.३८, म्हणजे पिनियनला ८ दात आणि क्राउनला ४३. ताशी ६० किमीला चाक सेकंदाला सुमारे ७.४ फेरे घेते. शाफ्ट त्याच्या ५.३८ पट, म्हणजे सुमारे ४०. क्रॉस आणि कोनाची थरथर शाफ्टच्या दुप्पट, सुमारे ८० हर्ट्झ. दातांची गुणगुण ४० गुणिले ८, म्हणजे ३२० हर्ट्झच्या आसपास. शाफ्ट बॅलन्समध्ये नसेल तर ४० ला जोर दिसेल.

आपल्या गाडीचे आकडे घालून हे एकदा करून ठेवा. ॲपमध्ये उंच रेघ ३२० जवळ आली आणि वेग ४५ केल्यावर २४० ला सरकली, तर दातांबद्दल शंका उरत नाही. चाकाच्या ७-८ हर्ट्झची थरथर फोन नीट पकडत नाही. ती स्टिअरिंगवर आणि सीटवर जाणवते.

एक शाफ्ट काढून चालवून पाहा म्हणतात. ते सुरक्षित आहे का?

पार्ट-टाइम गाडीत ही फार उपयोगी परीक्षा आहे. पुढचा शाफ्ट काढून टू-व्हीलमध्ये चालवा. आवाज गेला तर तो पुढचा. मागचा काढून, फोर-व्हील हाय लावून, फक्त पुढच्या चाकांवर सपाट मातीच्या रस्त्याने हळू चालवता येते. दोन्ही टोकांना फ्लँज असेल तरच शाफ्ट काढा. एक टोक ट्रान्सफर केसमध्ये सरकणारे असेल तर तिथून तेल बाहेर येईल.

एक धोका मोठ्याने सांगायला हवा. अनेक जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट काढला की त्या गाडीला हँडब्रेक उरत नाही. शिवाय शाफ्ट जागेवर असतानाही मागचे एक चाक उचलले की हा हँडब्रेक गाडी धरू शकत नाही: उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक गाडी पुढे नेते. अशा गाडीखाली माणूस असताना हे घडले तर काय होईल, ते लिहायला नको. ठोकळे, नेहमी ठोकळे.

हाच ड्रम चिकटून बसला तर गाडीच्या मधोमध किंचाळल्यासारखा आवाज आणि जळका वास येतो. फेरीनंतर त्याच्या जवळ हात नेऊन पाहा.

कुर्ल्याहून जुना सेट आणून टाकला तर?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चांगला मालही मिळतो, पण काय घ्यायचे ते ठरवून जा. हाउसिंग, फ्लँज, शाफ्टची नळी, ट्रान्सफर केसचे कव्हर जुने चालते. क्राउन-पिनियन हे दोन पार्ट नव्हेत, कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली ती जोडी असते. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधी घेऊ नका. टेपर बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) आणि कोन (आतला रोलरांचा भाग) एकत्रच बदला. क्रॉस घेताना टोपीचा व्यास आणि दोन टोप्यांमधले बाहेरचे अंतर व्हर्निअरने मोजून न्या, सर्क्लिप (टोपी अडकवणारी कडी) आत बसते की बाहेर तेही. दिसायला सारखे क्रॉस मापाला वेगळे असतात.

मिस्त्रीला काय सांगू?

"आवाज येतोय, बघा" म्हणू नका. असे सांगा: "उस्ताद, पंचावन्नला सुरू होतो, चौथ्यात आणि तिसऱ्यात सारखाच, रेस दिली की वाढतो, सोडली की जातो, टायर बदलून पाहिले." एवढ्यावर चांगला मिस्त्री निम्मे काम संपवतो. मग त्याला गाडीत बसवून एक फेरी मारा. जो फेरी न मारता "क्राउन-पिनियन बदलावे लागेल" म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. काढलेले पार्ट मागून घ्या आणि त्यांच्यावरची झीज स्वतः पाहा.

आवाज आला की गाडी जागीच कधी थांबवायची?

थरथर वाढत जाऊन पायाखाली धडधड सुरू झाली तर. क्रॉस तुटून मागच्या शाफ्टचे पुढचे टोक खाली पडले तर ते रस्त्यात रुतते आणि धावती गाडी उचलून टाकते. चाकाजवळून धूर किंवा जळका वास आला, चाक तिरके दिसले, लोखंड चावल्यासारखी कडकड आली, तरीही थांबा. गाडी फ्लॅटबेडवर न्या. मागची चाके जमिनीवर ठेवून ओढणे भाग पडले तर मागचा शाफ्ट आधी सोडा. नाहीतर इंजिन बंद असताना तो आतले भाग तेलाशिवाय फिरवत राहतो.

गाडी विकत घेतोय, खालून काहीच आवाज नाही. निर्धास्त राहू?

अतिजाड तेल किंवा ग्रीस भरून झिजलेले डिफरन्शियल काही दिवस गप्प करता येते. फिलर प्लग काढून करंगळीने तेल पाहा. ते वाहत नसेल, ताराच निघत असतील, तर विक्रेत्याला कारण विचारा. गाडी किमान तासभर चालवून तापवल्याशिवाय सौदा करू नका.

नवे क्राउन-पिनियन बसवले. आता काय काळजी घ्यायची?

पहिल्या काही फेऱ्या पंधरा-वीस किलोमीटरच्या, भार न घालता, आणि प्रत्येक फेरीनंतर पूर्ण थंड होऊ द्यायचे. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात. घाट आणि ओढकाम पहिल्या आठशे किलोमीटरपर्यंत टाळा, मग तेल बदला आणि चुंबक पाहा. यू-बोल्ट आणि शाफ्टच्या फ्लँजचे नट पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. हबचे बेअरिंग बदलले असेल तर चाक उचलून प्ले याच वेळी परत तपासा, कारण नवा कप जागेवर बसला की आधी बरोबर असलेला नट थोडा सैल पडतो.